आधी टच चालू कर

मंगळवारी तू आलास, बसलास आणि खिशातून फोन काढलास. कीबोर्डची पिशवी दाराशी तशीच उभी होती. तिची चेनसुद्धा उघडली नाहीस. पाऊण तास मला व्हिडिओ दाखवत बसलास. "सर, हा कोर्गचा पीए 700 ऐका. आता हा यामाहाचा एसएक्स 900 ऐका. कीचा फील बघा सर, केवढा फरक आहे." फोनच्या काचेवर कीचा फील कुणाला कळला आहे रे आजवर? तू बोलत होतास आणि मी तुझी बोटं बघत होतो. नखं वाढलेली. तर्जनीचं नख बोटाच्या आधी कीला टेकेल एवढं. रोज वाजवणाऱ्याची नखं अशी असतात?

शेवटी कीबोर्ड काढायला लावून मागच्या आठवड्यात दिलेला अलंकार वाजव म्हटलं, तर तीन ठिकाणी अडखळलास. मग मान वर न करता म्हणालास, "या कीबोर्डवर नीट येत नाही सर. की फार हलक्या आहेत."

हलक्या आहेत? बरं. मग आज कीबद्दलच बोलू. पळू नकोस.

मागच्या दिवाळीत आपण दोघांनी तुझा कीबोर्ड उघडला होता, आठवतं? तुझ्या वेल्ह्याचा चार महिन्यांचा पाऊस खाऊन दोन की मुक्या झाल्या होत्या. मागचे स्क्रू तू काढलेस, प्लेट तू उचललीस. आत रबराची पट्टी निघाली. प्रत्येक कीखाली दोन काळे ठिपके, कार्बनचे. तूच विचारलंस, "दोन कशाला सर?" मी सांगितलं. की खाली जाताना एक ठिपका आधी टेकतो, दुसरा नंतर. या दोघांमधला वेळ यंत्र मोजतं. वेळ कमी, म्हणजे बोट वेगानं आलं, म्हणजे स्वर मोठा. वेळ जास्त, म्हणजे बोट हळू आलं, म्हणजे स्वर लहान. ऐकून तुझे डोळे केवढे झाले होते! "म्हणजे ते जोर मोजतच नाही, वेग मोजतं." हे वाक्य तुझं होतं, माझं नव्हे. एका दमात कळलं तुला. कापसाच्या बोळ्यानं सगळे ठिपके तूच पुसलेस आणि दोन्ही की बोलायला लागल्या.

हे सगळं ठाऊक असलेल्या माणसानं मंगळवारी मला सांगावं की की हलक्या आहेत?

म्हणून मी उठलो आणि तुझ्या पीएसआर-आय 455 च्या फंक्शनमध्ये गेलो. टच रिस्पॉन्स : फिक्स्ड.

तू गप्प झालास. मी विचारलं, कधीपासून? म्हणालास, "पहिल्यापासूनच सर. नाहीतर स्वर कमीजास्त वाजतात."

अरे लेका, मग इतकी वर्षं तू कुठला फील आणि कुठल्या फीलशी ताडून बघत होतास? कारखान्यातून हे यंत्र येतं तेव्हा टच मीडियमवर असतो. तू तो हातानं बंद केलास. बोट फुलासारखं ठेव नाहीतर घणासारखं घाल, स्वर तेवढाच. कीखालचा एक ठिपका इतकी वर्षं फुकट टेकतो आहे. आणि का बंद केलास? तुझी करंगळी कच्ची आहे, अंगठा धपकन पडतो, अनामिका मधल्या बोटाच्या आधाराशिवाय उचलत नाही, हे त्या यंत्रानं पहिल्याच दिवशी तुला ऐकवलं. ते ऐकवत होतं ते तुला नको होतं. आरसा खरं बोलला म्हणून तू त्याच्यावर चादर टाकलीस, आणि आता नव्या आरशाचे भाव काढत फिरतो आहेस.

याला आळस म्हणून मी सोडून देणार नाही. आळशी माणूस निदान झोपतो. तू जागा राहून, डोळे तारवटून, रात्री एक वाजेपर्यंत चौकशा करतोस. ही स्वतःला लावलेली शेंडी आहे. तुलना केली की अभ्यास केल्यासारखं वाटतं आणि बोटांना घाम येत नाही.

तुझ्या यादीत दम नाही असं मी म्हणत नाही. तुला माहिती चोख आहे. पीए 1000 ला आफ्टरटच आहे, एसएक्स 900 ला नाही, हे तू न चाचरता सांगतोस, आणि ते खरं आहे. आफ्टरटच म्हणजे की तळाला गेल्यावर वरून आणखी दाबलं तर यंत्राला कळतं, हेही तुला ठाऊक. पण ज्याची की तळापर्यंत सारखी पोचत नाही, तो तळाच्या खाली दाबून काय करणार? पाया खणला नाही आणि गच्चीच्या कठड्याचा रंग निवडतो आहेस.

आता तुझं ते साउंड इंजिन. यामाहाचं एडब्ल्यूएम, कोर्गचं ईडीएस-एक्स, कॅसिओनं 2018 मध्ये सीटी-एक्स मालिकेत आणलेलं एआयएक्स. नावं तू स्तोत्रासारखी म्हणतोस. आतला कारभार सांग बघू. नाही सांगता येत? मग ऐक. या सगळ्यांत मुळात खऱ्या वाद्यांचे साठवलेले आवाज असतात. पियानोची एकच की हळू वाजवून रेकॉर्ड करतात, मध्यम वाजवून करतात, जोरात वाजवून करतात. हे आवाजाचे थर. तुझं बोट ज्या वेगानं येईल तो थर यंत्र उचलतं, त्याच्यावर फिल्टर लावतं, चढउतार लावतं, हॉलचा घुमारा लावतं आणि बाहेर सोडतं. जितकं महाग यंत्र, तितके थर जास्त आणि एकातून दुसऱ्यात जाणं गुळगुळीत. आता हिशेब तूच कर. टच फिक्स्ड. बोटाचा वेग एकच. म्हणजे थर किती वाजणार? एक. लाखाचं यंत्र आणून दिलं तरी तू त्याचा एकच थर वाजवणार, आणि सहा महिन्यांनी मला येऊन सांगणार की सर, याच्या साउंडमध्ये जान नाही.

यामाहाच्या सुपर आर्टिक्युलेशनचं तुला वेड लागलं आहे. काय आहे ते? आधीची की सोडायच्या आत पुढची दाबली तर सॅक्सोफोनचा स्वर न तुटता पुढं जातो. सोडून दाबली तर नवी फुंक येते. कोर्गचं डीएनसी त्याच जातीचं. म्हणजे तू स्वर जोडतोस की तोडतोस, हे यंत्र बारकाईनं बघत बसलेलं असतं. तू काय करतोस? प्रत्येक स्वर उडी मारून घेतोस, कारण अंगठा खालून घालायचा कंटाळा. सा रे ग वाजवून मध्यमाला अंगठा आण, हे मी किती वेळा सांगितलं? पालथ्या घड्यावर पाणी.

आणि तुझ्याच कीबोर्डच्या डाव्या अंगाला पिच बेंडचं चाक आहे. परवा मी त्यावरून बोट फिरवलं. धूळ लागली बोटाला. नवीन मॉडेलमध्ये जॉयस्टिक आहे म्हणून हळहळणारा तू, असलेलं चाक वर्षभरात एकदा तरी फिरवलंस? रियाज नावाचं बटण आहे त्याच्यावर. तानपुरा आणि तबला आतून लावून देणारं. कंपनीला कळलं की हिंदुस्थानातल्या पोराला हे लागेल. त्या पोरालाच कळलं नाही.

काखेत कळसा आणि गावाला वळसा.

तू ज्याला अरेंजर म्हणतोस, तो अरेंजर एके काळी माणूस असे, हे तुला कुणी सांगितलं आहे का? अनिल मोहिले होते. आपल्या पुण्याचे अ‍ॅकॉर्डियनवाले इनॉक डॅनियल्स होते. संगीतकारानं चाल दिली की व्हायोलिनं कुठं येतील, बासरी कुठं गप्प बसेल, तालवाद्य कुठं थांबेल, हे कागदावर लिहून प्रत्येक वादकाच्या पुढं ठेवायचं काम या माणसांचं. इंट्रो, फिल-इन, एंडिंग अशी बटणं तुझ्यापुढं रांगेनं आहेत ना, त्यातल्या प्रत्येक बटणामागं असा विचार करणारं एक डोकं लागत असे. आता ते काम यंत्र करतं. करू दे. पण त्याला हुकूम कोण देणार?

तुझ्या गावच्या सप्त्यातलं आठवतं? मी मुद्दाम मागं बसलो होतो. बुवा भैरवीतला अभंग घेत होते. म्हातारा माणूस, पण काळी दोनमध्ये खणखणीत आवाज. तू डाव्या हाताचं एक बोट षड्जावर ठेवलंस आणि स्टाईल चालू केलीस. एका बोटाची कॉर्ड यंत्र मेजर समजतं. त्यात दुसरं काही समजायला त्याला जागाच नाही. मायनर हवी तर डावीकडची लगतची काळी सोबत दाबावी लागते, हे तुझ्या पुस्तिकेत चित्र काढून दाखवलं आहे. तुझं एक बोट, म्हणून यंत्रानं मागच्या व्हायोलिनांत शुद्ध गंधार भरला. बुवा कोमल गंधारावर उभे. दोन गंधार एकमेकांच्या उरावर. बुवांनी गाता गाता एकदा तुझ्याकडं बघितलं. काही बोलले नाहीत. फक्त उजवा हात थोडा वर केला आणि पखवाजवाल्याकडं वळून बसले. पुढं गजर चढला, लय वाढली, टाळ धावायला लागले, आणि तुझी स्टाईल 110 वर ठाण मांडून बसली. पखवाजवाल्यानं तिला सोडून दिलं. टाळकऱ्यांनी सोडून दिलं. शेवटी तू आवाज बारीक केलास आणि नुसता बसून राहिलास.

घरी जाताना मला काय म्हणालास? "सर, यात भजनी ठेक्याची स्टाईल चांगली नाही. कोर्गमध्ये आपली स्टाईल बनवता येते."

येते. बनवता येते. पण बुवांचा गंधार कोमल होता हे तुला गाताना ऐकू आलं होतं की नाही? खरं सांग. आलं होतं. मला माहीत आहे, कारण तुझा कान मी ओळखतो. पहिल्या वर्षी माझ्या घराशेजारची पिठाची गिरणी सुरू झाली, तेव्हा तू मान तिरकी करून म्हणालास, "सर, हिचा पट्टा काळी तीनला लागलाय. थोडा उतरलेला." मी पेटीवर ताडून बघितलं. बरोबर होतं. पंधरा-पंधरा वर्षं पेटी वाजवणाऱ्यांना हे कळत नाही. त्या दिवशी मी ठरवलं की या पोराला फीशिवाय शिकवायचं. असल्या कानाचा माणूस दोन गंधार भांडताना ऐकतो आणि डावं बोट हलवत नाही, मग दोष स्टाईलला देतो. म्हणून मला राग येतो. तुझ्या जागी मठ्ठ पोरगा असता तर मी चहा पाजून परत पाठवला असता.

ट्रान्सपोजचं तर विचारूच नको. सगळी गाणी तू पांढरी एकवरून वाजवतोस आणि गाणारा ज्या पट्टीत असेल तेवढं बटण दाबून सरकवतोस. तीन वर्षांत काळी चारवरून तुझं एक गाणं निघालं नाही. मग म्हणतोस, काळ्या कीचा मागचा भाग जड लागतो. लागणारच. तिथं तुझं बोट कधी गेलंच नाही.

आता पेटीकडं बघ. माझी ही जुनी पेटी. हिच्या कीला हळू-जोर कळत नाही. स्वर वाकवता येत नाही. मींड नाही. आवाज एकच. तुझ्या भाषेत हिचं साउंड इंजिन म्हणजे पितळेची जीभ आणि वारा. स्वर वाकत नाही, मींड नाही, अशाच आक्षेपांवरून आकाशवाणीनं 1940 मध्ये पेटीला बंदी घातली आणि ती 1971 पर्यंत टिकली. तीस वर्षं! वाद्यच नालायक ठरवलं. तेव्हा पेटीवाल्यांनी काय केलं? दुसऱ्या वाद्यांची माहितीपत्रकं चाळली? गोविंदराव पटवर्धन, आप्पा जळगावकर, तुळशीदास बोरकर, ही माणसं त्याच कीवर बसली. गाणारा घसरत पुढच्या स्वरावर जातो आणि पेटीला घसरता येत नाही, तर दोन स्वरांच्या मध्ये कण घ्यायचा, भाता किंचित सोडायचा, आधीची की उशिरा उचलायची, आणि ऐकणाऱ्याच्या कानाला मींड झाल्यासारखी वाटायला लावायची. भीमसेन जोशींसारख्या गळ्यामागं आप्पा हे करत होते. वाद्यात जे नव्हतं ते त्यांनी हातानं भरून काढलं. तुझ्या यंत्रात सगळं आहे आणि हातानं तू ते बंद करून ठेवलं आहेस.

भात्यावरून एक गोष्ट नीट समजून घे, कारण तुझं घोडं इथं पेंड खातं. तू पेटीवरून कीबोर्डवर आलास. पेटीत आवाजाचा चढउतार डाव्या हाताच्या भात्यात असतो. उजव्या हाताच्या बोटांना त्याची काळजी करावी लागत नाही. कीबोर्डवर भाता गेला. डावा हात कॉर्डला लागला. आता चढउतार कुठून आणायचा? पियानो, गिटार, संतूर असा आवाज घेतलास तर बोटाच्या वेगातून. पेटी, ऑर्गन, बासरी घेतलीस तर पायाखालच्या व्हॉल्यूम पेडलमधून, तोच तुझा भाता. पेटीचा आवाज लावून टच बंद ठेवलास तर मी समजू शकतो, खऱ्या पेटीचंही तेच आहे. पण सगळ्याच आवाजांना? दोन वाद्यांचे दोन हात शिकावे लागतात. ते टाळायला तू टच बंद केलास आणि मग म्हणालास, यात भाव येत नाही.

कारणं मला पाठ आहेत. एसटी चुकली. लाईट गेली. कंपनीत डबल ड्युटी लागली. वेल्ह्याहून चेलाडी, चेलाडीहून भोर, दोन गाड्या बदलून येतोस, हे मी विसरलेलो नाही. भाताच्या लावणीत तू तीन आठवडे आला नाहीस, मी एक शब्द काढला का? गुडघाभर चिखलात दिवस काढून आलेल्या पोराला मी अलंकार विचारत नाही. पण लावणी जुलैत संपली. त्यानंतर रोज रात्री दीड तास फोनवर तुलना बघायला वेळ मिळतो आणि वीस मिनिटं की दाबायला मिळत नाही? लाईट गेल्यावर फोन चालतो. मग सेल घातलेला कीबोर्ड का चालत नाही?

आणि आता शेवटचं, ज्याच्यासाठी मी खरा चिडलो. तू हसत हसत सांगितलंस, "आई म्हणते, दुसऱ्या वेताची म्हैस विकू, घे तुला हवा तो." हसत सांगितलंस! त्या म्हशीचं दूध रोज सकाळी डेअरीत जातं, त्यावर तुमच्या घराचा आठवडा चालतो. त्या माउलीला वाटतं की पोराची अडचण यंत्राची आहे. कुणी सांगितलं तिला? तू. खरं काय ते तिला सांगायचं धाडस आहे?

घ्यायचा दिवस येईल. मी आडवा येणार नाही, बरोबर दुकानात येईन. पण तेव्हा कसं बघायचं ते आत्ताच ऐक. फोनवर नाही. पुण्यात जाऊन, दोन्ही यंत्रं शेजारी ठेवून, हेडफोन लावून. आधी रिव्हर्ब आणि इफेक्ट शून्यावर आण, कारण घुमाऱ्यात वाळूचंही सोनं वाटतं. मग दोन्हीवर एकच पियानो, एकच चार ओळींची चाल. हळू वाजव, इतकं हळू की स्वर जेमतेम निघावा. स्वस्त यंत्राची की इथं एकदम मुकी होते नाहीतर एकदम ओरडते. एकच की भराभर वाजव, पूर्ण वर न येऊ देता. काळ्या कीच्या मागच्या टोकाला दाबून बघ. टचचे सॉफ्ट, मीडियम, हार्ड तिन्ही लावून बघ. कित्येकदा की वाईट नसते, बसवलेला टच वाईट असतो. सस्टेन पेडल धरून स्टाईल चालू ठेव आणि आधीचे स्वर कधी गळतात ते मोज. सीटी-एक्स 700 ला एका वेळी 48 स्वर, सीटी-एक्स 5000 ला 64, आणि ढोल, बास, व्हायोलिन हे सगळे त्यातच जेवतात. सगळ्यात शेवटी स्टाईल. ज्या गाण्याला तू वाजवणार आहेस ते गाणं गुणगुणत तिचा ठेका लावून बघ.

हे सगळं कळायला बोटं लागतात. आज तुला त्या दुकानात नेलं तर दोन्ही यंत्रं तुला सारखीच लागतील.

तेव्हा असं कर. आज रात्री नखं काप. टच मीडियमवर ठेव. स्वर कमीजास्त वाजतील, वाजू दे, ऐक. रियाजचं बटण दाब, लय साठवर आण आणि काळी दोनवरून भैरवीचा आरोह-अवरोह, वीस मिनिटं, मोजून. त्या वीस मिनिटांत फोन आईच्या हातात दे आणि म्हैस विकायची नाही हेही तिला त्याच वेळी सांग. पुढच्या मंगळवारी नेहमीच्या गाडीनं ये. ट्रान्सपोजच्या बटणावर लावायला मी चिकटपट्टी आणून ठेवली आहे.